शेवटचा नळ

सुट्टीच्या चौथ्या दिवशी सकाळी आठचा सामना रद्द झाला, कारण खालच्या गल्लीच्या अकरा खेळाडूंपैकी सात जण संडासात होते. आठवा रांगेत होता.

"आम्ही जिंकलो!" वरच्या चौकाचा कप्तान ओरडला.

"न खेळता?" शंकानं विचारलं.

"तुमची टीम पळून गेली!"

"पळून नाही, पळत गेली. फरक आहे."

शंकाचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात होतं आणि बहुतेक वेळ तिथेच राहायचं. शिक्षकांनी वर्गात "कुणाला काही शंका?" असं विचारलं की बाकीची मुलं डोक्याला हात लावायची, कारण तिला ती असायचीच. आता सुट्टीत शिक्षक नव्हते, म्हणून शंका घराघरांतून विचारल्या जात होत्या. आतापर्यंत तिनं दोन रहस्यं शोधून काढली होती. पहिल्यात संशयिताच्या पोत्यात कलिंगड निघालं. दुसऱ्यात संशयित तिचे स्वतःचेच बाबा निघाले आणि तिला दोन दिवस घराबाहेर पडायची बंदी झाली.

तिच्या टोळीत आणखी दोघं होते. उताराच्या मधोमध दुकान असलेल्या शिंप्याचा उंच, बारीक मुलगा मोजपट्टी. तो जगातली प्रत्येक गोष्ट मोजायचा आणि आकडा सांगितल्याशिवाय गप्प बसायचा नाही. आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ रेडिओ. कानावर पडलेला शब्दन् शब्द, त्याच आवाजात, नको त्या माणसासमोर पुन्हा लावणं ही त्याची खासियत.

"सात भागिले अकरा," मोजपट्टी म्हणाला, "म्हणजे जवळजवळ चौसष्ट टक्के टीम."

"चला, घरी जाऊन आत्याला सांगू," शंका म्हणाली.

पण आत्याला सांगायची गरज उरली नव्हती. खालच्या गल्लीच्या तोंडाशी आत्याची सरबताची टपरी होती, आणि तिच्यापुढे ही गर्दी जमली होती. आरोग्य खात्याच्या निरीक्षकबाई हातमोजे घालून बाटल्या भरत होत्या. एक सरबताची, एक बर्फाची. बाटल्या थंड पेटीत गेल्या, पेटीला कुलूप लागलं, आणि टपरीच्या फळीवर कागद चिकटला : तपासणी पूर्ण होईपर्यंत विक्री बंद.

"अहो, मी पाणी उकळून घेते," आत्या म्हणाली. "अकरा वर्षं उकळतेय."

"सगळेच असं सांगतात, ताई," निरीक्षकबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण ऐकूनही घेतलं नव्हतं. "एका गल्लीत दोन दिवसांत तेवीस आजारी. नळाच्या पाण्याचा रोजचा तक्ता मी बघितला, एकदम स्वच्छ. मग उरलं काय?"

"सरबत!" मागून आवाज आला. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा एक अर्ज असायचा. गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या बंगल्याला नवं लोखंडी फाटक बसवलं होतं आणि त्या दिवसापासून टपरी त्यांच्या डोळ्यांत जास्तच खुपत होती. "मी आधीपासून सांगतोय! शुक्रवारच्या बैठकीत परवानाच रद्द करायचा अर्ज देतो!"

"अहवाल येऊ द्या," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"येईल हो! पण बैठक अकरा वाजता आहे!"

आत्यानं फडकं घेतलं. ती टपरी पुसायला लागली. बंद टपरी, रिकामी टपरी, पण ती कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसत राहिली. आत्याला आरडाओरडा करताना तिनं शंभरदा पाहिलं होतं. गप्प राहताना पहिल्यांदाच पाहत होती.

"सरबत!" रेडिओ सेक्रेटरींच्या आवाजात म्हणाला.

"तू गप्प रे!" शंका म्हणाली. "वही आण."

दुपारपर्यंत टोळीनं गल्लीतलं प्रत्येक दार वाजवलं. आजारी माणसं गप्पा मारायला राजी असतात, विशेषतः विषय त्यांचंच पोट असेल तर. मोजपट्टीनं रकाने आखले : कोण, कधीपासून, सरबत प्यायलं का. चौथा रकाना 'किती वेळा' असा त्यानं स्वतःच्या हौसेनं आखला होता.

पहिली खोच बेकरीवाल्यांच्या घरी लागली.

"आजी, तुम्ही सरबत प्यायलात?"

"मी?" बेकरीवाल्यांची आई उशीला टेकून बसली होती. "अगं, माझे दात आहेत चार, आणि गारेगार लागलं की चारही बोंबलतात. सहा महिने झाले, मी जिना उतरले नाहीये. पण पोट बघ, कालपासून कारखाना चालू आहे."

शंकानं वहीत आजींच्या नावापुढे मोठी फुली मारली.

"आणि वरच्या चौकाची टीम?" ती बाहेर आल्यावर म्हणाली. "परवा सराव झाल्यावर आपल्याच टपरीवर आले होते सगळे."

"प्रत्येकी दोन ग्लास. कप्तानानं तीन घेतले," मोजपट्टी म्हणाला. "मी मोजले होते."

"आणि आज सकाळी कसा बेंबीच्या देठापासून ओरडत होता! म्हणजे सरबत पिऊन वरचे ठणठणीत, आणि सरबत न पिता खालच्या आजी आडव्या. मग?"

"पाणी!" दोघं एकदम म्हणाले.

"पण तुमच्या घरी कुणी आजारी नाही. तुम्ही तर अगदी खाली राहता," मोजपट्टी म्हणाला.

"आमच्याकडे आत्या आहे. न उकळलेल्या पाण्यावर तिचा माणसांवर आहे तेवढाच विश्वास आहे."

"नळाच्या पाण्याचा रोजचा तक्ता मी बघितला, एकदम स्वच्छ," रेडिओ निरीक्षकबाईंच्या आवाजात म्हणाला.

हीच तर अडचण होती. रोज पाणी तपासलं जात होतं आणि रोज ते पास होत होतं. तपासणारा माणूसही कुणी भामटा नव्हता. पाणी खात्याचे ते काका दोन महिन्यांपूर्वीच बदलून आले होते आणि सगळी मुलं त्यांना गुलाबीकाका म्हणायची. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात एक गोळी टाकायची. पाण्यात जंतू मारणारं औषध शिल्लक असेल तर पाणी गुलाबी होतं. नसेल तर पांढरं ते पांढरंच. काका इतके काटेकोर होते की सुट्टीच्या दिवशीही गणवेशाची वरची गुंडी लावायचे.

"मग उद्या सकाळी त्यांच्या मागे जायचं," शंकानं ठरवलं.

"आणि दिसलो तर?"

"सुट्टी आहे. मुलं रस्त्यावर भटकतातच. आपल्याला लपायची गरजच नाही!"

गुरुवारी सकाळी सहाला नळ आले आणि खालच्या थांब्यावर बसमधून गुलाबीकाका उतरले. कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ त्यांनी उघडला, बंद केला, वहीत बरोबरची खूण केली. काचेची नळी खिशातच. पुढचा नळ, उघडला, बंद केला, खूण. एखादा व्हॉल्व्ह कुरकुरला तर त्याला तेल दिलं. उतार चढत, बेकरीवरून, सेक्रेटरींच्या नव्या फाटकावरून, शिंप्याच्या दुकानावरून ते थेट वर टाकीपाशी पोचले. टाकीच्या दारातच एक नळ होता आणि त्याच्या शेजारी त्यांचं ऑफिस, खुर्ची आणि चहाचा थर्मास.

तिथे आल्यावर काकांनी नळी काढली.

"काका!" शंका पुढे झाली. "एक शंका आहे."

"विचार की."

"तुम्ही इथलंच पाणी का तपासता?"

"नियम आहे, बाळा." काकांनी भिंतीवरच्या काचेच्या चौकटीकडे बोट दाखवलं. आतला कागद पिवळा पडला होता : *प्रत्येक पाळीस शेवटच्या नळाच्या पाण्याची तपासणी करून नोंद करावी.* "मी खालून चढत येतो. सत्तावीस नळ बघतो. हा शेवटचा. एक दिवस चुकवलेला नाही!"

शंका कागदाकडे बघत राहिली. मग तिनं टाकीकडे बघितलं, टाकीतून निघून उतारावरून खाली जाणाऱ्या पाइपकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काका, तुमच्या आधी जे काका होते, ते कुठे राहायचे?"

"खालच्या गल्लीत, अगदी टोकाला. इथून सुरुवात करायचे आणि काम संपलं की तसेच घरी. मजा होती त्यांची."

म्हणजे जुने काका चालत चालत खाली पोचायचे आणि त्यांचा शेवटचा नळ हाच पाइपचाही शेवटचा नळ असायचा. एकोणीस वर्षं तो नियम बिनबोभाट पाळला गेला, कारण तो पाळणाऱ्याचं घर उताराखाली होतं. नवे काका खालून वर चढायला लागले आणि त्या दिवसापासून खातं रोज, न चुकता, टाकीतून नुकतंच बाहेर पडलेलं पाणी तपासत होतं. सगळ्यात ताजं. सगळ्यात गुलाबी.

"काका, तुमचा शेवटचा नळ हा पाण्याचा पहिला नळ आहे!" शंका म्हणाली. "खालचं तपासा ना! तेवीस लोक आजारी आहेत. माझ्या आत्याची टपरी उद्या बंद करतील, कायमची!"

काकांचा चेहरा पडला, पण मान हलली ती आडवीच. "वाईट वाटतं गं. पण एका पाळीला एक गोळी आणि शेवटचा नळ. खालचा नळ माझा पहिला आहे. नियमात बसत नाही."

हात जोडून त्यांचं मन वळलं असतं, पण नियम वळला नसता. शंकाला एका क्षणात कळलं की इथे नियमच कामाला लावायला हवा. तिनं मोजपट्टीला बाजूला ओढलं आणि कुजबुजली, "सायकल काढ. कोपऱ्यावरचा नळ सैल कर. पाव फेरा, जास्त नाही. आणि परत येऊन ओरड!"

मोजपट्टी उतारावरून सुसाट सुटला. काकांनी गोळीचं पाकीट फोडायला घेतलं.

"काका, ही गोळी कशाची असते?" शंकानं विचारलं. "आणि एकच का? आणि गुलाबीच का, निळी का नाही? आणि नळी काचेचीच का?"

शंकाचं सगळं आयुष्य जणू याच क्षणाची तयारी होती. काका भला माणूस. एकेक उत्तर देत राहिले. सातव्या शंकेला मोजपट्टी सायकल ढकलत, धापा टाकत वर आला.

"काका! कोपऱ्यावरचा नळ गळतोय! मिनिटाला चाळीस थेंब!"

"आत्ता तर नीट होता!" काकांनी गोळी खिशात टाकली आणि पाना उचलला. गळणारा नळ ऐकून खुर्चीत बसणारा माणूस तो नव्हे. ते तरातरा खाली निघाले, मागे टोळी.

कोपऱ्यावर त्यांनी नळ आवळला. थेंब थांबले.

"पाव फेरा, जास्त नाही!" रेडिओ शंकाच्या आवाजात, खणखणीत म्हणाला.

"काय म्हणाला हा?"

"गाणं आहे," शंका घाईघाईनं म्हणाली. "काका, आता सगळे नळ बघून झाले?"

"झाले."

"मग आजच्या पाळीचा शेवटचा नळ कुठला?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. नळाकडे बघितलं. वर टाकीच्या दिशेनं बघितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी त्यांनी गणवेशाची गुंडी चाचपली आणि गंभीरपणे म्हणाले, "हा."

"नियम?"

"नियम म्हणजे नियम."

नळी भरली. गोळी पडली. काकांनी अंगठा लावून नळी हलवली आणि उजेडात धरली. चार डोकी एकत्र आली.

पाणी पांढरंच राहिलं.

"गोळी जुनी असेल," काका म्हणाले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका पाळीला दुसरी गोळी फोडली. पाणी पांढरंच. काका हळूच फुटपाथच्या कडेला बसले. "दोन महिने," ते म्हणाले. "दोन महिने मी रोज वहीत उत्तम असं लिहितोय."

"दोन महिने पाणी खराब नव्हतं, काका," शंका त्यांच्या शेजारी बसली. "लोक सोमवारपासून आजारी आहेत. म्हणजे काहीतरी नवीन झालंय."

यावर काकांनी जे केलं त्याबद्दल शंकाला पुढे कायम त्यांचा आदर वाटत राहिला. त्यांनी सबब शोधली नाही. फोन काढला आणि म्हणाले, "बाई, माझी चूक झाली आहे. आत्ता या."

निरीक्षकबाई वीस मिनिटांत आल्या. मोजपट्टीच्या मते अठरा. त्यांनी स्वतः नळी भरली, स्वतः गोळी टाकली, स्वतः बघितलं. मग सगळं ऐकून घेतलं, वही सुद्धा पानन् पान वाचली. चौथ्या रकान्याशी त्या किंचित थांबल्या.

"मी तक्ता तपासला," त्या म्हणाल्या. "नळ तपासायला हवा होता. काका, नवं पाकीट फोडा. मुलांनो, पळायची तयारी आहे?"

"आहे!"

"पाइपमध्ये कुठेतरी घाण शिरतेय. तिच्याशी लढताना सगळं औषध खर्ची पडतंय. आपण खालून वर जायचं, दर नळाला एक नळी. जिथे रंग परत येईल त्याच्या अलीकडे घोळ!"

मग गल्लीनं कधी न पाहिलेली शर्यत सुरू झाली. शंका नळी भरून आणायची, काका गोळी टाकायचे, मोजपट्टी पावलं मोजून वहीत लिहायचा आणि रेडिओ निकाल जाहीर करायचा. आजवर त्याला गप्प बस म्हणणाऱ्या लोकांनी पहिल्यांदाच त्याला जोरात बोल म्हटलं होतं.

"कोपरा, पांढरं! आपलं घर, पांढरं! बेकरी, पांढरं!"

खिडक्या उघडल्या. पोट धरून बसलेले खेळाडूसुद्धा गॅलरीत आले.

"सेक्रेटरींचा बंगला..." रेडिओनं श्वास घेतला. "पांढरं!"

"हा काय प्रकार आहे?" सेक्रेटरी फाटकात आले. "परवानगी घेतली आहे का?"

"शिंपीकाकांचं दुकान..."

शंकानं नळी उजेडात धरली. आधी काही दिसलं नाही. मग तळाशी एक धूसर छटा उठली, वर चढली, पसरली.

"गुलाबी! गुलाबी! गुलाबी!"

गल्लीत टाळ्या पडल्या. टाळ्या कशासाठी हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, पण शिंपीकाकांच्या पाण्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

"शिंप्याचं दुकान आणि सेक्रेटरींचा नळ, मध्ये एकवीस पावलं," मोजपट्टी म्हणाला.

त्या एकवीस पावलांत फक्त दोनच गोष्टी होत्या. एक उघडं गटार आणि एक नवं लोखंडी फाटक. फाटकाच्या खांबापाशी जमीन ओलीगच्च होती.

"खांबासाठी खड्डा कधी खणला?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"गेल्या शुक्रवारी," सेक्रेटरी म्हणाले. "का?"

काकांनी फावडं मारलं. हातभर खाली पाइप लागला. पाइपला पहारीनं भोक पडलं होतं आणि त्या भोकावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून, वर सुतळीनं तीन गाठी मारल्या होत्या. शेजारच्या गटाराचं पाणी त्या खड्ड्यात झिरपत होतं.

"नळ चालू असतात तेव्हा इथून पाणी बाहेर गळतं," बाई म्हणाल्या. "आणि नळ बंद झाले की रिकामा पाइप बाहेरचं सगळं आत ओढतो. सगळं म्हणजे," त्यांनी गटाराकडे बघितलं, "हे."

बेकरीवाले गटाराकडे बघून घाईघाईनं घरात गेले.

"मिस्त्रीनं घट्ट बांधलं होतं हो!" सेक्रेटरी चाचरत म्हणाले. "मी स्वतः उभा होतो. म्हटलं, एवढ्याशासाठी खात्याला कशाला त्रास..."

"एवढ्याशासाठी खातं असतं," निरीक्षकबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी अर्ध्या तासात जे केलं ते बघून शंकाला पहिल्यांदाच वाटलं की मोठेपणी काय व्हायचं हा प्रश्न बहुतेक सुटला. व्हॉल्व्ह बंद. टँकर हजर. प्रत्येक दारावर निरोप, पाणी उकळून प्या, साठवलेलं ओतून द्या, आजारी माणसाला मीठ-साखरेचं पाणी द्या, आजींना आधी दवाखान्यात न्या. संध्याकाळपर्यंत पाइपचा तुकडा बदलला, लाइन धुतली, आणि खालच्या कोपऱ्यावर नळीतलं पाणी पुन्हा गुलाबी झालं. इतकं सगळं झालं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते कळलंही नाही. त्यांना फक्त नळ आला एवढंच कळलं. हे काम नीट झालं की असंच दिसतं, असं काका म्हणाले.

शुक्रवारची बैठक अकराला सुरू झाली. सेक्रेटरींचा अर्ज सेक्रेटरींनीच मागे घेतला. नव्या पाइपचा खर्च देण्याचंही कबूल केलं. निरीक्षकबाईंनी प्रयोगशाळेचा अहवाल वाचून दाखवला. सरबत स्वच्छ, बर्फ स्वच्छ. मग त्यांनी टोळीला पुढे बोलावलं.

"मी सोळा वर्षं या कामात आहे," त्या म्हणाल्या. "आजाऱ्यांची इतकी चोख यादी मला कुणी दिली नव्हती. फार शाबास! आता एक काम करा. भिंतीवरचा तो नियम बदलायचाय. पुन्हा कुणाचा घोळ होणार नाही असा लिहायचाय."

"पाइपच्या टोकाचा नळ असं लिहू," गुलाबीकाका म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. शंकानं हात वर केला.

"पाइपला दोन टोकं असतात."

डोलणाऱ्या माना मध्येच थांबल्या. मग शंकाचे बाबा मोठ्यांदा हसले आणि शेजारच्याला म्हणाले, "घरी रोज हे चालतं. आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला." ते बोलताना त्यांची छाती मात्र चांगलीच फुगली होती. शेवटी नव्या नियमात टाकीपासून सर्वांत लांबचा नळ असं लिहिलं गेलं आणि खाली त्या नळाचा पत्ताही आला.

दुपारी टपरीपुढे पुन्हा गर्दी जमली. निरीक्षकबाईंनी फळीवरचा कागद स्वतःच्या हातानं सोलून काढला, डिंकाचे डागसुद्धा नखानं खरवडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही खरं सांगत होता आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं. पहिला ग्लास मला द्या. इथेच उभी राहून, सगळ्यांसमोर पिणार आहे."

तीन दिवस जवळजवळ मुकी असलेली आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. डिंक खरवडलेल्या त्यांच्या बोटांकडे बघितलं.

"आधी हात धुवा!" आत्या कडाडली. "साबणानं! तो बघा तिथे ठेवलाय."

आरोग्य खात्याच्या निरीक्षकबाई मुकाट्यानं साबणाकडे गेल्या. त्यांच्यामागे गुलाबीकाका, त्यांच्यामागे वरच्या चौकाचा कप्तान, आणि बाह्या दुमडत सेक्रेटरी.

"कोपरापर्यंत!" आत्या ओरडली, आणि ग्लास भरायला लागली.